सत्तेचाळिसावा भाऊ

सत्तेचाळीस सह्या पुऱ्या झाल्या होत्या, आणि टेबलापलीकडचे तिघंही एकमेकांकडे बघत होते.

ट्रिना होलेचेकला वाटलं होतं, टाळ्या पडतील. निदान कुणीतरी शाब्बास तरी म्हणेल! सहाच्या आत वही द्यायची म्हणून ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली होती. दम लागलेला, सेकंडहँड कोटाचं एक बटण उघडं, आणि तोंडभर हसू. तिने वहीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही बघा. आज दुपारीच मिळाली!"

फिलिपाने सही पाहिली आणि वही मिटली. फिलिपा म्हणजे अध्यक्ष. कॉलेजातल्या कॉमर्सवाल्यांची ही फ्रॅटर्निटी, ओळखी वाढवायचं मंडळ. एकदा आत शिरलं की मुलगा काय नि मुलगी काय, सगळे भाऊच. फिलिपालाही फिलिपाभाऊ म्हणत आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. दर उन्हाळ्यात जुने भाऊ मंडळातल्या चौघांना ओमाहा शहरातल्या मोठ्या ऑफिसांत कामाला लावून घेत. नेब्रास्काच्या खेड्यातल्या पोरीला ते दार एरवी कोण उघडणार? इथे जागा मिळाली नाही, तर ट्रिनाचा उन्हाळा ठरलेला होता. मामाचं टायरचं दुकान आणि कोपरापर्यंत काळे हात.

अट साधी होती. प्रत्येक भावाला गाठायचं, दहा मिनिटं बोलायचं, वहीत सही घ्यायची. ट्रिनाने एकाला न्हाव्याच्या खुर्चीत गाठलं, एकीला पोहण्याच्या तलावाच्या काठावर, एकाला तर त्याच्या मैत्रिणीशी भांडण चाललेलं असताना. भांडण मिटवलं आणि सही घेतली! आठवड्यात सेहेचाळीस झाले. उरला फक्त यादीतला शेवटचा, वेंडल ऑस्ट्रँडर. त्याला कुणी पाहिलं नव्हतं. कॉम्प्युटरवरही त्याचा पत्ता नव्हता.

"ट्रिना," फिलिपा म्हणाली, "तू आम्हाला फार आवडली होतीस गं."

"होतीस?"

"वेंडल ऑस्ट्रँडर नावाचा माणूसच नाहीये. ते नुसतं नाव आहे, पारखायला ठेवलेलं. जो येऊन 'नाही सापडला' म्हणतो, त्याला आम्ही घेतो. जो खोटी सही ठोकून आणतो, त्याला नाही."

"पण ठोकलीस मात्र झकास हं," शेजारचा ग्रँट म्हणाला. "म्हाताऱ्याचा हात थरथरावा तसं वळण, तेसुद्धा जमवलंयस."

पलीकडच्या हॉलमध्ये बाकीचे उमेदवार शपथेसाठी रांगेत उभे होते, त्यांची खुसखुस इथवर ऐकू येत होती. आणि ती लबाड ठरून घरी जाणार! रडूच कोसळायचं, पण मधेच तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि रडण्याऐवजी ती फिस्सकन हसली.

"तो माणूस नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या आधीच्या भावांनी."

"आणि त्यांना?"

"त्यांच्या आधीच्यांनी," फिलिपा म्हणाली. म्हणताना ती जराशी अडखळली.

"मी मामाला विचारलं," ट्रिना म्हणाली. आता ती थांबेना. "मामा म्हणाला, त्या कॉम्प्युटरच्या डबड्याशी काय डोकं फोडतेस, ग्लेंडाच्या हॉटेलात जा. सकाळी सहाला तिथे पाच म्हातारे कॉफी पीत बसतात. मी नुसतं नाव घेतलं, तर पाचही जण एकदम ओरडले, अक्रोडवाला वेंडल! फोन नंबर तर त्यांना पाठच होता."

ग्रँटने हात जोडले. "गोष्ट छान रचलीस, बाई. मग आहे कुठे तुझा अक्रोडवाला?"

"जिन्यात आहे. गुडघा दुखतो त्यांचा. जरा दम धरा की!"

आणि खरंच, बाहेर काठीचा आवाज येत होता. एक ठोका, एक पाऊल. मग थोडं थांबणं. मग पुन्हा ठोका.

दारात एक उंच, वाकलेला म्हातारा उभा राहिला. चौकड्याचा शर्ट, बगलेत अक्रोडांची कागदी पिशवी. त्याने सगळीकडे नजर फिरवली. "रंग बदललात होय भिंतींचा? बरं केलंत, आमच्या वेळी फार भिकार होता." मग तो सरळ फिलिपापाशी गेला आणि त्याने हात पुढे केला. फिलिपाने रीत म्हणून हात दिला. म्हाताऱ्याने दोन बोटं आत मुडपली आणि अंगठा दोनदा दाबला.

हात मिळवायची ही खूण मंडळात शपथेनंतर, दार लावून शिकवतात. बाहेर कुणाला ती ठाऊक नसते. ट्रिनालाही नव्हती. फिलिपा ताडकन उठून उभी राहिली, आणि बाकीचे दोघंही.

"भाऊ," फिलिपाच्या तोंडून निघालं.

"हो, भाऊच," म्हातारा म्हणाला आणि तिच्याच खुर्चीत मटकन बसला. त्याला धाप लागली होती, पण डोळे नुसते चमकत होते. "एक्कावन्न वर्षं यादीत आहे मी, कुणी नाव खोडलंच नाही. ओळखी वाढवायचं मंडळ आपलं, तुमच्यापैकी कुणीतरी कधीतरी फोन करेल, म्हणून नंबरसुद्धा बदलला नाही. ही पोर पहिली."

फिलिपाने मिटलेली वही उघडली, शेवटच्या सहीवरून हलकेच हात फिरवला आणि ट्रिनाकडे बघितलं.

"ट्रिनाभाऊ," ती म्हणाली, "आपल्या भावाला पाणी आण."