कडुलिंबातला खिळा

करवतवाला तिसऱ्यांदा ओंडक्याभोवती फिरला, पण लांबी काही त्याने मोजली नाही. आप्पाराव गोंधळले.

"फळ्या किती निघतील?"

"ते मागून पाहू, मालक. खिळा हाय का ह्यात?"

"खिळा कावून?"

"करवतीला लोखंड लागलं की पातं तुटतं. माणूस मरतो त्यानं."

सटवा नावाचा हा माणूस दिंद्रुडकडून आला होता. बरोबर एक जोडीदार, गाडीत दोघांनी ओढायची लांब करवत. चौसाळ्याला निघालो होतो, वाटेत पडलेलं झाड दिसलं म्हणून थांबलो, असं त्याने सांगितलं. आप्पारावांच्या दारासमोरचा जुना कडुलिंब वादळात आडवा झाला होता, आणि घराला नवी दारं हवी होती. इतर कुणाचं झाड असतं तर सौदा पाच मिनिटांत झाला असता.

पण खिळ्याचं प्रकरण आधीचं होतं. चार वर्षांपूर्वी आप्पारावांचे थोरले भाऊ भगवानराव झिजून झिजून गेले. देवऋषी म्हणाला, समोरच्या लिंबात, घराच्या अंगाला, छातीइतक्या उंचीवर करणीचा खिळा ठोकलाय. संशय भगवानरावांच्या बायकोवर, भिवराबाईवर आला. सालीवर काही दिसत नव्हतं, आणि उभं झाड तोडायला कुणी धजेना. पंचांनी अर्धा निकाल दिला. खिळा सिद्ध होईपर्यंत भिवराबाईने घराबाहेर, मागच्या सपरात राहावं. सिद्ध झाला तर घर आणि जमीन सोडून कायमचं माहेरी जावं.

आता झाड चिरलं की सगळंच ठरणार होतं.

"तसलं लाकूड घरात नको," आप्पारावांची बायको तुळजाबाई म्हणाली. "निजायचं कसं त्या दाराआड?"

"चिरून टाका," विठ्ठलराव पाटील म्हणाले. "एकदाचा निकाल लागंल."

आप्पाराव सकाळी हो म्हणत, दुपारी नाही म्हणत. दोन दिवस असेच गेले. सटवा घाई करत नव्हता. मजुरीचंही बोलत नव्हता. हा नेमका कसला कारागीर, तेच आप्पारावांना कळेना.

तिसऱ्या दिवशी भिवराबाई दारात आली. उंबरा ओलांडला नाही.

"भावजी, त्या माणसाला वाटंला लावा. झाड चिरू नका."

"कावून, वैनी?"

"पाया पडते. इचारू नका."

ओसरीवर बसलेल्या चौघांनी हे ऐकलं. वैनीची पाठ दिसेनाशी होईपर्यंत आप्पाराव पाहत राहिले. मग त्यांनी सटव्याला निरोप धाडला, उद्या काम सुरू कर.

सकाळी गाव जमलं. सटव्याने करवतीला हळदकुंकू वाहिलं आणि गेरूची वाटी ओंडक्यावर ठेवली.

"एक ऐका. करवत करणीच्या खिळ्याला लागली की करणी फिरते. ज्यानं ठोकला, त्याच्यावर. ज्याचा खिळा असंल त्यानं आपल्या हातानं तिथं गेरूचं बोट वढावं. ती जागा सोडून चिरीन. नाव इचारणार न्हाई. आमी नदीवर जाऊन येतो, तुमी बी घरी जाऊन भाकर खा."

पाटलांनी वाटीत डोकावून पाहिलं. "तेलात कावून कालवला बे?"

"पाण्यातला वाळून झडतो, पाटील."

उन्हं कलल्यावर सगळे परत आले, तेव्हा ओंडक्यावर दोन बोटं होती.

"खालचं माजं," म्हातारी छबुबाई म्हणाली. "दाढ दुखायची म्हून ठोकला व्हता."

"मग ऱ्हायली का दाढ?" कुणीतरी विचारलं.

"दाढ गेली. खिळा ऱ्हायला."

लोक हसले. मग पाटलांनी दुसरं बोट पाहिलं. घराच्या अंगाला, बुडापासून छातीइतक्या अंतरावर. हसणं थांबलं. सगळ्यांच्या नजरा भिवराबाईकडे गेल्या.

"भ्यालात न्हवं अखेर?" पाटील म्हणाले. "तरीच नको म्हणत व्हता. आता चिरायची बी गरज न्हाई."

"म्या न्हाई लावलं," भिवराबाई म्हणाली.

"मग काय भगवानराव येऊन लावून गेले?"

"जाऊ द्या, पाटील," आप्पाराव हळू आवाजात म्हणाले. "आमच्या घरचं माणूस हाय. जास्त बोलू नका. मी गाडी जुंपून माहेरी पोचवतो."

तुळजाबाईने पदर डोळ्यांना लावला. आप्पाराव मोठ्या मनाचा, असं दोघेतिघे म्हणालेसुद्धा.

"जायच्या आधी परसाद घ्या," सटवा म्हणाला. "करवतीची पूजा झालीय. कुणी मोकळं जाऊ नये."

तो गूळ-खोबरं वाटत निघाला. भिवराबाईने उजवा हात पुढे केला, पिठाने पांढरा झालेला. मग पाटलांनी घेतलं, छबुबाईने घेतलं. आप्पारावांनी डावा हात पुढे केला.

"परसाद डाव्या हातात?" पाटील हसले. "उजवा काढा की."

"लागलंय जरा."

"पाहू."

पाटलांनी त्यांचा उजवा हात उपरण्यातून ओढून काढला. तर्जनी दगडाने घासून घासून सोलली होती. दुसऱ्या पेरापर्यंतचा गेरू तसाच होता.

पाटलांनी तो हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला. मग म्हणाले, "चिर बे. खिळा बाहेर काढ."

सटवा जागचा हलला नाही.

"करवत सुताराकडून मागून आणलीय, पाटील. आमी मेंढरं राखतो." तो भिवराबाईकडे वळला. "माय, तुमी सांगितलं तसंच केलं न्हवं?"