पदाबाहेरचं काम

वाचनालयातल्या चाळीस हजार पुस्तकांची सूची तिने एकटीने केली होती, तरी बावीस वर्षं ती कागदोपत्री मदतनीसच होती. बढतीच्या मुलाखतीत साहेब म्हणाले, "ताई, काम उत्तम आहे, पण ते तुमच्या पदाबाहेरचं. तो अनुभव धरता येत नाही." "मग उद्यापासून पदातलंच काम करीन," ती ताडकन म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती नुसती कपाटं पुसत राहिली. एक आजोबा आले. आजारी बायकोला शेवटच्या दिवसांत वाचून दाखवलेली कादंबरी त्यांना पुन्हा हवी होती. नाव मात्र आठवत नव्हतं. ग्रंथपाल संगणकापुढे गोंधळले. "ताई, तुम्ही जरा बघता का?" "माझ्या पदात बसत नाही," ती म्हणाली. आजोबा दाराकडे वळले. तिने दातओठ खाल्ले, फडकं आपटलं आणि ती त्राग्याने ओरडली, "आजोबा, थांबा! गोष्ट कशाची होती, तेवढं सांगा!"