अली भारी की टायसन

भालकीतले दोन रिटायर्ड मास्तर, नरसिंहराव आणि तात्याराव, एकवीस वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत होते. ऐन भरातला अली आणि ऐन भरातला टायसन बॉक्सिंगच्या रिंगणात समोरासमोर आले असते तर कोण पडला असता? तात्यारावांचा अली, नरसिंहरावांचा टायसन. दोघांचे काळच वेगळे, त्यामुळे निकाल लागायची भीती नव्हती. एकवीस वर्षांत चहा हजारदा थंड झाला असेल, पण माघार कुणी एकदाही घेतली नाही.

लातूरच्या दवाखान्यातून तात्यारावांना घरी आणलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, कोंडाबाईंनी, नरसिंहरावांना दारातच गाठलं. "भाऊजी, पोटात अल्सर हाय एवढंच सांगितलंय त्यांना. डोळ्यांत पानी आनू नका. रोजच्यावानी भांडा."

नरसिंहराव खाटेजवळ बसले. तात्यारावांचा आवाज पार खोल गेला होता, पण खोड गेली नव्हती.

"काय रे नरसू, तोंड पाडून कामून बसलास? माझ्या अलीनं तुझ्या टायसनला सहाव्या राऊंडात झोपवलं म्हनून?"

नरसिंहरावांनी टायसनचा ठोसा आठवला, एकवीस वर्षांची सगळी उत्तरं आठवली. चादरीखाली मूठभर उरलेला मित्र बघून त्यातलं एकही ओठावर येईना. जिंकू दे एकदा बिचाऱ्याला, असं त्यांना वाटलं.

"व्हय तात्या. तुझा अलीच भारी. हरलो मी."

तात्यारावांनी उशीवरून मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.



"डॉक्टर किती दिवस म्हनायलाय रे, नरसू?"