वाढत्या अंगाचं माप

साथीमुळे दवाखान्याचं दार बंद होतं. सिस्टर गरोदर बायकांना खिडकीतूनच तपासायच्या. तपासायच्या कसल्या, विचारायच्या! स्पिरिटनं ओली टेप गजांतून बाहेर यायची, सासूबाई माझं पोट मोजायच्या आणि आकडा ओरडून सांगायच्या. सासूबाईंचा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. त्यांच्या मापाला कोण नावं ठेवणार? "छान वाढतंय," सिस्टर आतून म्हणायच्या. आज माझे सुजलेले पाय बघून त्या स्वतःच बाहेर आल्या. टेप लावली, पुन्हा लावली. "मावशी, तुम्ही कसं मोजत होतात?" "वाढत्या पोरांचं माप घेते तसंच," सासूबाई हसल्या. "दर खेपेला टेपखाली एक बोट जास्त, म्हणजे ढिलं." सिस्टर मास्कमधूनच म्हणाल्या, "बाळ वाढलेलंच नाही हो." सोनोग्राफीवाल्यांचं शटर बंद, डॉक्टर स्वतः तापानं आडवे. सासूबाईंनी टेप हिसकावून माझ्या पोटाभोवती घट्ट गुंडाळली. टेपखालची आपली चार बोटं मात्र त्यांना काढवेनात.