यशराज पहिला

"पहिलं नाव यशराजचं. लिहून ठेवा," विश्वंभरराव म्हणाले आणि खुर्ची ओढून अगदी पुढे बसले.

सोसायटीच्या हॉलात कोणी काही लिहून ठेवलं नाही. सुभानपुऱ्यातल्या त्या सोसायटीत दर वर्षी फुटबॉलचे सामने होतात. त्याआधी चार कप्तान आळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात. पोरं त्याला ड्राफ्ट म्हणतात, मोठी माणसं त्याला आइस्क्रीम म्हणतात, कारण शेवटी ते मिळतं. विश्वंभरराव मात्र उत्तरायणापासून, म्हणजे तारांवर पतंग लोंबत होते तेव्हापासून, या संध्याकाळची तयारी करत होते. नोकरीभर त्यांनी रिफायनरीच्या प्रयोगशाळेत तेलाचे नमुने तपासले. निवृत्तीनंतर तेल बंद झालं, तपासणी चालू राहिली.

नियम असा होता, की हवा तर कप्तानाने एखादा प्रशिक्षकही निवडावा. प्रशिक्षकांच्या यादीत दर वर्षी एकच नाव असे, विश्वंभररावांचं, आणि ते शेवटपर्यंत तसंच राही. गेल्या वर्षी कोणीतरी समजूत घातली होती, "काका, तुम्ही तर सगळ्यांचेच!" एखाद्याला टाळायचं असलं, की लोक त्याला सगळ्यांचा करून टाकतात. त्या रात्री त्यांना आइस्क्रीम गेलं नव्हतं. यंदा त्यांनी ठरवलं होतं, की निवडीचं भाकीत इतकं अचूक करायचं, की आपल्याला घेतल्यावाचून कोणाला गत्यंतरच राहू नये.

"पण मी त्या यशराजला कधी बॉल मारताना बघितलेलं नाही," शेजारचे गोविंदराव कुजबुजले.

"बॉल काय, कोणीही मारतो. तू पाय बघ!"

पाय त्यांनी स्वतः बघितले होते. रोज सकाळी ते घराच्या ओटल्यावर घड्याळ घेऊन बसत. वळणावर माणूस दिसला, की कळ दाबायची. विजेच्या डीपीपाशी पोचला, की पुन्हा दाबायची. आकडे थक्क करणारे होते. चालत येणारा माणूस त्यांच्या घरासमोर आला, की आपोआप वेग घ्यायचा. गुडघा बदललेल्या कमलाताई दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन अशा सुटायच्या, की मेथी मागे उडायची. विश्वंभररावांना आधी रस्त्याच्या उताराचा संशय आला. त्यांनी गोटी सोडून पाहिली, तर ती उलट्या दिशेने गेली. मग त्यांनी श्रेय मही नदीच्या पाण्याला दिलं.

यशराजची तर बातच न्यारी. एकदा विश्वंभररावांनी नुसता हात वर केला, तर तो पळता पळता जागच्या जागी गर्रकन वळला. त्यांनी टिपलं : दिशाबदल, उत्तम. एकदा तर पार्किंगची भिंत एका उडीत पार. कानाला उलटा धरलेला मोबाइल, पाठीवर लॅपटॉप, आणि तरी भिंतीपलीकडून निरोपाचा खणखणीत आवाज आला, "काका, आवजो!" दमसास, अतिउत्तम.

चिठ्ठ्या टाकल्या. पहिली पाळी आकांक्षाची आली. ही पोरगी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि गोलकीपर म्हणून खेळते. तिच्या हातात विश्वंभररावांनी घरोघर वाटलेला या आकड्यांचा तक्ता होता. म्हणजे एका माणसाने तरी तो वाचला होता. त्यांनी खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली.

आकांक्षा उभी राहिली. "आमची पहिली निवड..."

"यशराज," विश्वंभरराव ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"विश्वंभरकाका!"

हॉलात हशा उसळला. गोविंदरावांनी कोपराने ढोसलं, "अरे ऊठ, तुलाच बोलावतेय!" विश्वंभररावांना उठवेना. भाकीत चुकलं होतं. आणि ते निवडले गेले होते. यातल्या कुठल्या गोष्टीने डोळे भरून आले, ते त्यांना कळेना.

"पण आकांक्षा, आकडे तर यशराजचे..."

"आकडे सगळ्यांचेच भारी आहेत, काका. कमलाकाकूंचेसुद्धा!" ती हसली. "पण सगळे तुमच्याच ओटल्यासमोरचे. तुम्ही बोलायला थांबवाल म्हणून पळतात हो सगळे!"

विश्वंभरराव विचारात पडले. उतार हिशेबात धरला, पाणी धरलं, गोटीसुद्धा धरली. ओटल्यावरचा माणूस तेवढा धरायचा राहिला. यशराज मागच्या रांगेत खुर्चीखाली काहीतरी शोधायला लागला.

"तुम्ही फक्त आमच्या गोलमागे उभं राहायचं," आकांक्षा म्हणाली. "हातात तक्ता घेऊन. समोरच्या टीमचा एक माणूस गोलकडे फिरकणार नाही."

"ही चीटिंग आहे!" दुसरा कप्तान पीयूष ओरडला. "काकांना आम्ही घेणार होतो!"

तो खोटं बोलत होता हे विश्वंभररावांना कळलं, तरी ते त्यांना फार गोड लागलं. त्यांनी सदरा नीट केला.

"एक शंका. मध्यंतरानंतर बाजू बदलतात."

"तुम्हीही बदला, काका!"

आता त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते रिफायनरीच्या निरोप समारंभातही कोणी पाहिलं नव्हतं. ते उठले, घसा साफ केला, तक्ता उलगडला.

"आभाराचे दोनच शब्द बोलतो. पण आधी थोडी आकडेवारी..."

खुर्च्या सरकल्या. आइस्क्रीमचे कप हातात घेऊन अख्खी सोसायटी दाराकडे धावली. गोविंदरावसुद्धा. विश्वंभररावांचा अंगठा सवयीने घड्याळावर गेला आणि कळ दाबली गेली.

दाराबाहेर यशराज पहिला पोचला होता.