हरवली आहे

दुपारी चार वाजता शुक्राने चौक गावच्या नाक्यावर आपल्या मुलीचा कागद चिकटवला. प्रियाचा फोटो, वय सोळा, अंगात हिरवा ड्रेस, कालपासून घरी नाही. खाली त्याचाच मोबाइल नंबर. पोलिसांत तक्रार सकाळीच देऊन झाली होती.

शेजारी तसाच कागद आधीपासून होता. तशीच काळपट झेरॉक्स, तशीच एक मुलगी, वर तसंच 'हरवली आहे'. तो सिनेमाचा होता. त्यावरचा नंबर लावला की ट्रेलर ऐकू यायचा. असे कागद कर्जतपासून खोपोलीपर्यंत नौमाननेच लावले होते. जाहिरातींचे कागद लावायचा त्याचा धंदाच होता, आणि आज तो शुक्राबरोबर फिरत होता.

"आजून येक?" गॅरेजवाला निलेश ओरडला. "नौमान, पिच्चर लागतोय तरी कधी रं?"

"पिच्चरचा नाय हा," शुक्रा म्हणाला. "माझी पोर हाय."

"तुला बी घेतलान काय पिच्चरमधी?"

शुक्राने कागदाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. कर्जतला, कळंबला कागद लावल्यापासून त्याचा फोन वाजत होता आणि जो तो ट्रेलर मागत होता.

नौमानने मुंबईच्या जाहिरातवाल्याला फोन लावला. "साहेब, आपले कागद काढतो. इथं खरंच एक मुलगी हरवलीय."

"शुक्रवारपर्यंत एकही काढायचा नाही. लोकांना खरं वाटतंय, हेच तर पाहिजे होतं आपल्याला!"

नौमानने फोन खिशात टाकला आणि पत्र्याच्या तुकड्याने सिनेमाचा कागद खरवडायला घेतला. अर्धा निघाला असेल, तेवढ्यात शुक्राचा मोबाइल वाजला. नौमानने तो स्पीकरवर टाकला.

"मोहोपाड्यावरनं बोलतोय. तुमची पिच्चरवाली पोरगी हितं रिक्षा स्टँडवर हाय. हिरवा ड्रेस. पायात चप्पल पण नाय. शूटिंग हाय काय?"

शुक्राने दोन्ही हातांनी मोबाइल ओढून घेतला. "दादा, मी बाप हाय तिचा. तिला थांबवा. पाया पडतो तुमच्या, जाऊ नका देऊ तिला!"

पलीकडे हशा पिकला. "ऐका रं, काय रडतोय! एक नंबर!" फोन बंद झाला.

शुक्राने परत लावला. कुणी उचलेना. नौमानने मोटारसायकल काढली, शुक्राला मागे बसवलं आणि किक मारण्याआधी स्वतःच्या मोबाइलवरून एकदा प्रयत्न केला. या वेळी उचलला.

"भाई, मस्करी नाही ही. ती मुलगी आहे का तिथं?"

"आता कुठं? ती गेली की गाडीत बसून," तो माणूस म्हणाला. "पांढरी गाडी. तुमच्या शूटिंगचीच होती ना?"