रेडिएटरमधली हवा

नवरा, उल्हास, वारल्यावर कुमुदिनी नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरातल्या घरात एकटीच उरली होती. थंडी पडली तरी खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर नीट तापेनात, तेव्हा एका दुपारी तिने त्यांत अडकलेली हवा काढायला घेतली.

दरवर्षी ती खाली रेडिएटरची हवा सोडायची किल्ली फिरवायची आणि उल्हास माळ्यावर बॉयलरपाशी उभा राहून पाण्याच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवायचा.

किल्ली फिरताच हवा फुसफुसत बाहेर येऊ लागली. सवयीने तिने मान वर करून विचारलं, "बास का रे?"

"अजून थोडी जाऊ दे, कुमुद," माळ्यावरून उत्तर आलं.

तिचे डोळे भरून आले. कुणीतरी उत्तर दिलं, एवढंच तिला पुष्कळ होतं.

मग हवा संपली. फुसफुस थांबली आणि घर चिडीचूप झालं.

"झालं बघ. येतो मी खाली."

आता आवाज स्पष्ट ऐकू आला. तो उल्हासचा नव्हता.